बोलत्या पुस्तकांनाही पान क्रमांक हवेत

माननीय संपादक,

स. न. वि. वि.

छापील पुस्तक बरे, ई-पुस्तक बरे की ऑडिओबुक बरे, यावर वाचकांच्या पत्रव्यवहारात वरचेवर चर्चा होते. किंमत, डोळ्यांवरचा ताण, प्रवासातली सोय, निवेदकाचा आवाज या सगळ्यावर लिहिले जाते. एक प्रश्न मात्र बाजूलाच राहतो. वाचन मध्येच थांबले, तर पुढच्या वेळी नेमके तिथूनच सुरू करता येते का? ऑडिओबुक अर्ध्यावर सोडणारे पुष्कळ जण "धागा सुटतो" असे सांगतात आणि दोष स्वतःच्या एकाग्रतेला देतात. दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी पुस्तके ध्वनिमुद्रित करणारे आणि ग्रंथालयात काम करणारे आम्ही काही जण हे पत्र लिहीत आहोत. आमच्या मते यात ऐकणाऱ्याचा दोष फार थोडा आहे. खोट आहे ती पुस्तक तयार करण्याच्या पद्धतीत, आणि ती दुरुस्त करायला खर्चही फारसा येत नाही.

आधी छापील पुस्तकाचे पाहू. खूण घातलेली नसली तरी वाचकाच्या बरेच काही लक्षात असते. मजकूर डाव्या पानावर होता की उजव्या, वरच्या भागात होता की तळाशी, उजव्या हातात उरलेल्या पानांची जाडी किती होती, हे कोणी मुद्दाम पाठ करत नाही. डोळे आणि बोटे ते टिपून ठेवतात. त्यामुळे खूण गळून पडली तरी चार ठिकाणी पुस्तक उघडून पाहिले की जागा सापडते. शिवाय लक्ष उडाले तरी पान आपल्या जागी थांबलेले असते. वाचक भानावर आला की तीच ओळ पुन्हा वाचतो.

छापील पुस्तकात खरा धोका पुस्तकालाच असतो. जुना, स्वस्त कागद आम्लामुळे ठिसूळ झालेला असतो. त्याचा कोपरा दुमडला की तो घडीवरच तुटतो. लोखंडी क्लिप पावसाळ्यात गंजते आणि पानावर तपकिरी डाग सोडते, कोकणात तर हमखास. आत पेन ठेवून पुस्तक मिटले किंवा उघडे पुस्तक पालथे ठेवले, की गोंदाने बांधलेल्या पुस्तकाचा कणा तडकतो आणि काही दिवसांत पाने सुटी होतात. चिकटचिठ्ठी महिनोन्‌महिने तशीच राहिली तर तिचा गोंद कागदावर उतरतो आणि त्यावर धूळ बसते. यापेक्षा जाड कागदाची चार-पाच सेंटिमीटर रुंदीची साधी पट्टी चांगली. ती पानात आडवी ठेवावी, वरची कड शेवटच्या वाचलेल्या ओळीला लावावी आणि बोटभर टोक बाहेर राहू द्यावे. पान आणि ओळ दोन्ही सापडतात आणि पुस्तक धड राहते.

ई-पुस्तकात जागा राखायचे काम यंत्र करते आणि सहसा चोख करते. अडचण येते ती जागा दुसऱ्याला सांगताना. अक्षर मोठे केले की पाने वाढतात, म्हणून एकाच्या फोनवरचे पान १४० दुसऱ्याच्या फोनवर ९५ असू शकते. किंडलवर (ॲमेझॉनच्या ई-पुस्तक वाचण्याच्या यंत्रावर आणि ॲपवर) दिसणारा लोकेशन क्रमांक अक्षराच्या आकाराने बदलत नाही, पण तो छापील पुस्तकात कुठेच नसतो. टक्केवारी फार ढोबळ: तीनशे पानांच्या पुस्तकात एक टक्का म्हणजे तीन पाने. ईपब या ई-पुस्तकांच्या प्रचलित प्रकारच्या फाइलमध्ये छापील आवृत्तीचे पान क्रमांक बसवण्याची सोय आहे, मात्र मराठी प्रकाशक ती क्वचितच वापरताना दिसतात. ॲमेझॉनने डिसेंबर २०१६मध्ये किंडलवर मराठी पुस्तकांची सोय केली. त्यानंतर मराठी ई-पुस्तके बरीच निघाली. त्यांत ही एवढी भर घालायला हरकत नसावी.

दोन यंत्रांवर एकच पुस्तक वाचणाऱ्यांचा गोंधळ वेगळा असतो. किंडल 'सर्वांत पुढे वाचलेले पान' लक्षात ठेवते. शेवटची टिपणे किंवा परिशिष्ट पाहायला कोणी पुढे उडी मारली, तर दुसऱ्या यंत्रावर पुस्तक उघडताच "तिकडे जायचे का" असे विचारले जाते आणि सवयीने 'हो' दाबले जाते. अशा वेळी 'नाही' म्हणावे, आणि पुढे चाळायला जाण्यापूर्वी आहे त्या पानावर बुकमार्क ठेवावा. यूएसबी वायरने टाकलेल्या पुस्तकाची जागा दुसऱ्या यंत्राला कळत नाही. तेच पुस्तक 'सेंड टू किंडल' या ॲमेझॉनच्या इंटरनेटवरून फाइल पाठवण्याच्या सोयीने पाठवले तर कळते.

मराठीत पीडीएफ वाचणारे खूप आहेत, म्हणून त्याबद्दल थोडे जास्त. पीडीएफमधले पान आणि छापील पान यांत मुखपृष्ठ, अर्पणपत्रिका, प्रस्तावना यांमुळे फरक पडतो. छापील पान १ हे पीडीएफचे पान १७ असेल तर फरक १६चा. तो एकदा काढून फाइलच्या नावातच लिहून ठेवला की पुढची सगळी शोधाशोध वाचते. शब्द शोधून जागा गाठणे मराठीत मात्र बेभरवशाचे आहे. युनिकोड, म्हणजे सर्व यंत्रांवर प्रत्येक अक्षराला एकच संकेत देणारी पद्धत, येण्यापूर्वीच्या फाँटांत जुळवलेल्या पीडीएफमध्ये डोळ्यांना मराठी दिसते, पण आत भलतीच अक्षरे असतात, त्यामुळे शोध लागत नाही. युनिकोडमध्येही 'दुसऱ्या', 'वाऱ्यावर' अशा शब्दांतला 'ऱ्य' दोन वेगळ्या पद्धतींनी टंकलेला असू शकतो. 'ॲ'चेही तसेच. दिसायला शब्द एकच, यंत्राच्या लेखी दोन. म्हणून शोधासाठी जोडाक्षर नसलेला, फारसा न येणारा शब्द निवडावा. एखाद्या गावाचे किंवा पात्राचे नाव सर्वांत उपयोगी पडते.

आता ऑडिओबुक. ॲप लक्षात ठेवते ते आवाज कुठे थांबला ते. ऐकणाऱ्याचे मन कुठे थांबले, हे त्याला कळायला मार्ग नाही. छापील पानावर या दोन्ही जागा सहसा एकच असतात. ऐकताना त्या दर थोड्या वेळाने एकमेकींपासून दूर जातात. हिशेब करून पाहा. निवेदक मिनिटाला साधारण सव्वाशे शब्द वाचतो असे धरले आणि छापील पानावर अडीचशे शब्द धरले, तर एक पान म्हणजे दोन मिनिटे. मिक्सर चाळीस सेकंद चालला तर पानाचा तिसरा हिस्सा गेला. दारावर कोणी आले आणि फोन ओट्यावर बोलतच राहिला, तर पाच मिनिटांत अडीच पाने गेली. अर्ध्या तासाचा टायमर लावून झोप लागली, तर पंधरा पाने. तीस सेकंद मागे नेणारे बटण एका परिच्छेदापुरते कामाचे. पंधरा पानांसाठी ते साठ वेळा दाबावे लागेल, आणि तरीही कुठे थांबायचे ते कळणार नाही, कारण जिथे उतरतो तिथे डोळ्यांना ओळखीचे असे काहीच नसते.

जागा हरवण्याची बाकीची कारणे यंत्रातली आहेत. कानातल्या इअरबडला चुकून दोनदा बोट लागले की काहींवर पुढचे प्रकरण सुरू होते. गाडीच्या स्टिअरिंगवरचे 'पुढे' बटण गाण्यांसाठी असते. ऑडिओबुकवर ते कधी तीस सेकंद उडी मारते, कधी अख्खे प्रकरण. ॲपच्या सेटिंगमध्ये हेडफोनच्या बटणाने 'प्रकरण' की 'सेकंद' हे बहुधा निवडता येते. तिथे 'सेकंद' निवडावे. फोन आला की ॲप थांबते, पण संदेशाच्या आवाजाने निवेदन नुसते दबते आणि पुढे सरकते, दोन-चार शब्द त्यात जातात. दोन फोनवर ऐकणाऱ्याने इंटरनेट बंद असताना ऐकले, की कोणती जागा खरी याचा घोळ होतो. वेगाचाही एक घोळ आहे. दीडपट वेगाने ऐकताना काही ॲप उरलेला वेळ वेगानुसार कमी करून दाखवतात, काही मूळचाच दाखवतात. म्हणून टिपून ठेवायचा तो 'झालेला वेळ', 'उरलेला' नव्हे.

पेनड्राइव्हवर किंवा मेमरी कार्डवर एमपी३ फाइली घेऊन ऐकणारे, विशेषतः ज्येष्ठ नागरिक, भरपूर आहेत. त्यांच्या तक्रारींमागे बहुतेक वेळा फाइलींची नावे असतात. १, २, ३ अशी नावे दिली की पुष्कळ यंत्रे १ नंतर १० आणि ११ वाजवतात आणि मग २. नावे ००१, ००२ अशी तीन आकडी द्यावीत. स्वस्त प्लेअर आणि काही गाड्यांमधले संच तर नावे पाहतच नाहीत. फाइली ज्या क्रमाने कॉपी झाल्या त्या क्रमाने वाजवतात. त्यांच्यासाठी रिकाम्या कार्डावर एकेक फाइल ओळीने कॉपी करावी लागते. दहा तासांचे अख्खे पुस्तक एकाच फाइलमध्ये देणे तर कटाक्षाने टाळावे. फाइल बदलत्या बिटरेटची, म्हणजे दर सेकंदाला लागणारी माहिती कमी-जास्त होणारी, असेल तर तिच्या सुरुवातीला, असलाच तर, शंभर नोंदींचा एक तक्ता असतो आणि प्लेअर त्यावरून वेळ काढतो. दहा तासांना शंभर नोंदी म्हणजे सहा मिनिटांना एक, मधले सगळे अंदाजाने. तक्ताच नसेल तर अंदाज आणखी चुकतो. म्हणून "३ तास १२ मिनिटांवर ऐका" असे एकाने सांगितले तरी दुसऱ्याच्या प्लेअरवर तिथे वेगळेच वाक्य लागते. फाइली स्थिर बिटरेटच्या करणे हा यावरचा सोपा उपाय. बोलण्यासाठी एका वाहिनीत (मोनो) ६४ केबीपीएस, म्हणजे सेकंदाला ६४ किलोबिट, पुरतात.

या अडचणी नव्या नाहीत, आणि त्यांवरचे उपायही ज्यांना पुस्तक ऐकण्यावाचून गत्यंतर नव्हते त्यांच्यासाठी फार पूर्वीच शोधले गेले. ब्रिटनमध्ये १९३५ साली दृष्टिहीनांसाठी बोलती पुस्तके तबकड्यांवर निघाली, तेव्हा एका बाजूला सुमारे २५ मिनिटे मावत. तबकडीचा क्रमांक आणि बाजू हीच खूण. पुढे कॅसेट आल्या. कॅसेट यंत्रातून काढली तरी फीत जिथल्या तिथे थांबलेली असे, ही तिची मोठी सोय. दुसऱ्या यंत्रात घातली तरी वाचन तिथूनच सुरू. काउंटरचे आकडे मात्र यंत्रागणिक वेगळे पडत. म्हणून पान किंवा प्रकरण बदलले की फितीवर खालच्या पट्टीतला एक सूर भरण्याची पद्धत निघाली. सरळ ऐकताना तो जेमतेम कळे, पण फीत वेगाने पुढे पळवली की स्पष्ट 'टुक' ऐकू येई. ते टुक मोजत विद्यार्थी हव्या त्या पानापर्यंत पोचत. सीडीच्या काळात प्रकाशक प्रकरणाचे दोन-तीन मिनिटांचे तुकडे करून ट्रॅक पाडत, कारण पुष्कळ प्लेअर सीडी बाहेर काढली की जागा विसरत. एका सीडीवर ९९पेक्षा जास्त ट्रॅक बसत नाहीत, तेवढे सांभाळावे लागे.

सर्वांत पक्का उपाय म्हणजे डेझी, हा बोलत्या पुस्तकांसाठीच बनवलेला फाइलींचा प्रकार. स्वीडनमधल्या बोलत्या पुस्तकांच्या ग्रंथालयात त्याची सुरुवात झाली आणि १९९६मध्ये अनेक देशांतल्या संस्थांनी मिळून त्यासाठी महासंघ स्थापन केला. डेझी पुस्तकात आवाजासोबत एक नकाशा असतो: भाग, प्रकरण, उपप्रकरण अशा सहा पातळ्यांपर्यंतची शीर्षके आणि छापील पुस्तकाचे प्रत्येक पान. 'पान ५७' असे सांगितले की प्लेअर ५७व्या पानाच्या पहिल्या वाक्यावर जातो. वाक्यावाक्याने मागे-पुढेही जाता येते. भारतात २०१६ साली सुरू झालेल्या सुगम्य पुस्तकालय या ऑनलाइन ग्रंथालयातून अशी पुस्तके दृष्टिहीन वाचकांना मिळतात. २०१२च्या दुरुस्तीनंतर आपल्या प्रताधिकार कायद्यात अपंग व्यक्तींसाठी सुलभ स्वरूपात पुस्तक तयार करायला मुभा आहे आणि दृष्टिहीनांना सुलभ पुस्तके मिळावीत म्हणून झालेला माराकेश हा आंतरराष्ट्रीय करार मान्य करणारा पहिला देश भारत होता, २०१४मध्ये. म्हणजे तंत्र आहे, कायदाही आहे.

हे सगळे कशासाठी, ते वर्गात कळते. शिक्षक म्हणतात, "पान ५७ काढा, दुसरा परिच्छेद." डोळस मुले पाच सेकंदांत तिथे असतात. ज्याच्याकडे नुसती एमपी३ आहे त्याने काय करायचे? ५७ पाने म्हणजे सुमारे एक तास ५४ मिनिटे, असा अंदाज करून तो उडी मारतो, दोन वाक्ये ऐकतो, मागे जातो, पुन्हा ऐकतो; तोवर वर्ग पुढच्या परिच्छेदावर गेलेला असतो. कानात पाठ्यपुस्तक आणि समोर शिक्षक, दोन्ही एकदम ऐकता येत नाहीत हे वेगळेच. परीक्षेच्या आधी उजळणी करताना, टिपणात 'पृष्ठ ५७' असा संदर्भ देताना, मित्राशी चर्चा करताना, प्रत्येक वेळी हीच अडचण. पान क्रमांक नसलेले बोलते पाठ्यपुस्तक त्या मुलाला अर्धेच मिळालेले असते, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आणि कुठल्याही रूपात टिकणारी खूण मराठीला काही नवी नाही. पोथीची पाने सुटी असत, हस्तलिखितागणिक पान बदले, एका पोथीचे पान दुसरीला लागू पडत नसे. तरी कीर्तनकार आणि श्रोते जागा चुकत नसत, कारण ओवीला क्रमांक होता. दासबोधाचे २० दशक आणि प्रत्येकात १० समास. 'अकरावा दशक, सहावा समास' म्हटले की मठातली पोथी, घरातली छापील प्रत, फोनवरचे ई-पुस्तक आणि कोणाच्याही आवाजातले मुद्रण, चारही ठिकाणी तेच सापडते. ज्ञानेश्वरीत अध्याय आणि ओवी तसेच. पाठभेदामुळे क्रमांक थोडे मागेपुढे होतात, पण शोध दोन-चार ओव्यांत संपतो. तुकोबांच्या गाथेत अभंगांचे क्रमांक प्रतीप्रतींत बरेच वेगळे आहेत, म्हणून तिथे लोक अभंगाचा पहिला चरण सांगतात. थोडक्यात, खूण मजकुराला बांधलेली होती. कादंबरी, चरित्र, इतिहास यांच्या ऑडिओबुकात तीच गोष्ट प्रकरण, उपभाग आणि पान क्रमांक यांनी साधता येईल.

घरच्या संगणकावर पुस्तके वाचून देणाऱ्या स्वयंसेवकांनी हे कसे करावे तेही सांगतो, कारण असे करणारे हात महाराष्ट्रात पुष्कळ आहेत. ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर बहुतेक जण वापरतात. मुद्रण चालू असताना पान उलटले की कंट्रोल आणि एम एकत्र दाबावे. त्या क्षणावर एक लेबल पडते, त्यात 'पान ५७' असे लिहावे. पान वाक्याच्या मधोमध संपत असेल तर वाक्य पुरे करून मग लेबल द्यावे, नाहीतर तिथे उडी मारणाऱ्याला अर्धे वाक्य ऐकू येते. शेवटी ही लेबले साध्या मजकुराच्या फाइलमध्ये काढून घेता येतात. प्रत्येक ओळीत सेकंद आणि पान क्रमांक. हीच लेबले वापरून प्रकरणवार वेगळ्या फाइलीही एका आदेशात पडतात. डेझी करायचे असेल तर डेझी महासंघाचे ओबी हे सॉफ्टवेअर मोफत आहे, त्यात शीर्षक आणि पान यांच्या खुणा मुद्रण करतानाच घालता येतात. तळटीप वाचताना 'तळटीप' आणि 'तळटीप समाप्त' असे म्हणावे. यूट्यूबवर अभिवाचन टाकणाऱ्यांनी वर्णनात वेळांची यादी द्यावी: पहिली वेळ शून्यापासून, किमान तीन नोंदी, प्रत्येक भाग निदान दहा सेकंदांचा, मग प्रकरणे आपोआप पडतात.

ऐकणाऱ्यांसाठीही थोडे. झोपताना ऐकत असाल तर टायमर लावायच्या क्षणी बुकमार्क ठेवा. तो तुमचा भक्कम किनारा. समजा, तो ४ तास १२ मिनिटांवर आहे आणि टायमरने ४ तास ४२ मिनिटांवर आवाज बंद केला. दुसऱ्या दिवशी आरंभापासून ऐकू नका आणि शेवटून मागेही येऊ नका. निम्म्यावर जा, ४:२७ला. पंधरा सेकंद ऐका. आठवते? मग उरलेल्याच्या निम्म्यावर, ४:३४ला. आठवत नाही? मग मागे, ४:३१ला. आठवते? मग ४:३२:३०ला. आठवत नाही? मग ४:३१पासून ऐकायला लागा. चार उड्यांत अर्ध्या तासाचे दीड मिनिट होते. आठवते की नाही हे पात्रांच्या नावांवरून ठरवू नका, नावे ओळखीची वाटतातच; या वाक्याच्या आधी काय घडले ते सांगता येते का, ते पाहा. रहस्यकथेला मात्र ही रीत नको, कारण पुढचे ऐकून खुनी कळायचा. तिथे बुकमार्कपासून पाच-पाच मिनिटांनी पुढे सरका. अँड्रॉइडवरच्या स्मार्ट ऑडिओबुक प्लेअरमध्ये थांबून पुन्हा सुरू केल्यावर आपोआप काही सेकंद मागे जाण्याची सोय आहे, शिवाय चुकून मारलेली उडी परत फिरवायला आधीच्या जागांची यादीही असते. स्वतःच्या फाइली ऐकणाऱ्यांना ती फार उपयोगी पडते.

एकच पुस्तक घरी छापील आणि प्रवासात ऑडिओवर असे वाचणाऱ्यांनी सुरुवातीलाच एक भागाकार करून ठेवावा. मजकूर पान ९ ते ३२०, म्हणजे ३१२ पाने. मुद्रण १० तास २४ मिनिटे, म्हणजे ६२४ मिनिटे. पानाला दोन मिनिटे. पान १६४ संपवून १६५वर आलात तर आधीची पाने १५६, म्हणजे ५ तास १२ मिनिटे. संवादांची पाने लवकर संपतात, भरगच्च वर्णनाची रेंगाळतात, सुरुवातीच्या संगीताचा वेळ वेगळा, त्यामुळे पाच-सात मिनिटांचा फरक पडेल. प्रकरणाची सुरुवात हा आधार धरून हिशेब त्या प्रकरणापुरता केला तर फरक मिनिटा-दोन मिनिटांवर येतो. अर्थात मुद्रण संक्षिप्त असेल तर हा हिशेब लागू नाही.

म्हणूनच मराठी ऑडिओबुक काढणाऱ्या प्रकाशकांकडे आणि कंपन्यांकडे आमचे मागणे नेमके आहे. स्टोरीटेल २०१७मध्ये आणि ऑडिबल २०१८मध्ये ही ऑडिओबुकांची ॲप भारतात आल्यापासून मराठी श्रोत्यांसाठी हे क्षेत्र बरेच विस्तारले, निवेदनाचा दर्जाही चांगला आहे. आता रचनेकडे लक्ष द्यावे. ॲपमधली प्रकरणांची नावे छापील अनुक्रमणिकेतलीच असावीत. 'चॅप्टर १४' एवढ्याने काहीच कळत नाही, त्यातून पहिला 'चॅप्टर' म्हणजे संगीत आणि दुसरा म्हणजे ऋणनिर्देश असला की सगळे क्रमांक दोनने सरकतात. निवेदकाने प्रत्येक प्रकरणाचे नाव आवाजात सांगावे. वीस पानांचे प्रकरण चाळीस मिनिटांचे होते, तेव्हा छापील पुस्तकात जिथे तीन फुल्या किंवा मोकळी ओळ आहे तिथे निवेदनात दोन सेकंदांची शांतता आणि ॲपमध्ये उपखूण द्यावी. श्रोत्याने ठेवलेले बुकमार्क आणि टिपणे त्याला बाहेर काढून घेता यावीत. आणि आरंभीच्या निवेदनात पुस्तक कोणत्या आवृत्तीवरून वाचले आहे, ती कोणत्या वर्षीची आणि मजकूर पूर्ण की संक्षिप्त, हे सांगावे. त्याच आवृत्तीचे पान क्रमांक आणि वेळा यांचा एक पानी तक्ता पुस्तकाच्या माहितीसोबत ठेवावा. ध्वनिमुद्रणाच्या वेळी निवेदकासमोर ते पुस्तक उघडेच असते, त्यामुळे हा तक्ता करायला वेगळा माणूस लागत नाही. सार्वजनिक ग्रंथालयांनीही ऑडिओबुके घेताना हा तक्ता मागावा.

आपले नम्र,
दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी पुस्तके ध्वनिमुद्रित करणारे काही वाचक आणि ग्रंथालय कार्यकर्ते, पुणे